सहेरीचा काढा आणि साखरेची गोळी

शहापूर-मुरबाडच्या जंगलात झाडावर चढलेली गुलवेल कुणाला नवी नाही. शहापूरचे सुनील पवार आणि त्यांच्या कातकरी साथीदारांनी ती गोळा करून, वाळवून विकायला घेतली. वन धन योजनेच्या आधाराने करोनाकाळात मोठ्या औषध कंपन्यांकडून 1 कोटी 57 लाख रुपयांच्या मागण्या आल्या. काढा घरोघरी पोहोचला. आता रमजानमध्ये मधुमेही रोजेदाराला सहेरीच्या वेळी कुणीतरी सांगतेच, गोळी कशाला, गुलवेल घ्या.

हा सल्ला पुरता पोकळ नाही. गुलवेलीत बर्बेरिन असते, दारूहळदीत त्याहून जास्त. साखर वाढली म्हणून जनुके बदलत नाहीत. कोणत्या जनुकाने किती काम करायचे, ते बदलते. मूत्रपिंडातल्या पेशी मग टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन जास्त बनवतात, रक्त गाळणारी नाजूक जाळी निबर होते आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत बर्बेरिनने ही वाढ रोखली. पण तिथे शुद्ध द्रव्य तोलूनमापून दिलेले असते. काढ्यात ते किती उतरले, हे पेला पाहून कळत नाही.

गंमत अशी, की ज्या मेटफॉर्मिनला लोक कंटाळतात, त्याचेही मूळ वनस्पतीतच. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपातले द्रव्य साखर उतरवायचे, पण विषारी होते. त्याच्याच जातीचे सौम्य रसायन प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1957 मध्ये फ्रान्समध्ये मधुमेहावर वापरात आले.

गुलवेलही सरसकट निर्धोक नाही. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना ती घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झालेली आढळली. तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल पोटात गेली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे. तसे असेल, तर वेल ओळखणाऱ्या कातकऱ्याची नजर फार मोलाची.

काढा घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगा. गोळ्यांच्या वेळा इफ्तार-सहेरीप्रमाणे त्यांच्याकडूनच बदलून घ्या. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. ती 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर मात्र तो तिथेच सोडायचा. आजाऱ्याला ही सवलत कुराणातच आहे. राहिलेले रोजे पुढे धरता येतात.