सफरचंद हरवलेली सफरचंदाची चकती

डिसेंबर उजाडला की डेन्मार्कच्या कितीतरी घरांत कपाटाच्या तळातून एक जड तवा बाहेर निघतो. बिडाचा, लांब दांड्याचा, आणि त्यात सात अर्धगोल खळगे: मध्ये एक, भोवती सहा. सारख्या मापाच्या एका वर्तुळाला चिकटून भोवती बरोबर सहाच वर्तुळं बसतात, त्यामुळे गोल तव्याला ही मांडणी फार शोभून दिसते. मराठी माणूस तो पाहताच म्हणेल, अहो, हे तर आप्पेपात्र!

त्यात होणाऱ्या पदार्थाचं नाव एब्लस्कीव्हर. ‘एब्ल’ म्हणजे सफरचंद आणि ‘स्कीव्ह’ म्हणजे चकती. बशीत येतात ते मात्र लिंबाएवढे सोनेरी गोळे, आणि आज बहुतेकांच्या पोटात सफरचंदाचा कणही नसतो. पूर्वी खरोखरच सफरचंदाच्या चकत्या पिठात बुडवून तळत, आपण बटाट्याची भजी करतो तशा. पुढे खळग्यांच्या तव्यात पीठच गोल फुगू लागलं, फळ त्याच्या पोटात गेलं आणि कालांतराने तेही गळालं. नाव तेवढं उरलं. मला या पदार्थाचं सगळ्यात मोठं आकर्षण आहे ते हेच. कृती बदलत गेली, सारण आलं नि गेलं, पण त्याचा आकार लोखंडाने धरून ठेवला.

पीठ साधं असतं: मैदा, ताक, अंडी, थोडी साखर, चिमूटभर मीठ, लिंबाची किसलेली साल. ताकाच्या आंबटपणाशी खाण्याचा सोडा भेटला की पीठ फुलतं; काहीजण सोड्याऐवजी यीस्ट घालून पीठ आंबवतात. अंड्याचा पांढरा बलक वेगळा फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळला तर गोळा आतून जाळीदार होतो. आणि वेलदोडा! उत्तर युरोपातल्या गोड पाव-बिस्किटांना त्याचा वास हटकून असतो. या वेलदोड्याचं माहेर आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलात आहे. कोपनहेगनच्या थंडीत उकलणारा तो वास आपल्या श्रीखंडातलाच, हे कळल्यावर तो पदार्थ मला एकदम जवळचा वाटला.

खरी कला आहे ती उलटण्यात. प्रत्येक खळग्यात लोण्याचा लहानसा गोळा टाकायचा, तो चुरचुरला की पाऊण खळगा भरेल इतकं पीठ ओतायचं. कडा धरू लागल्या, पण मध्यभाग अजून पातळ आहे, अशी एक छोटी वेळ असते. तेव्हा विणकामाची सुई कडेला खुपसून गोळा फक्त पाव फेरा फिरवायचा. वरचं कच्चं पीठ ओघळून रिकाम्या झालेल्या तळाशी जातं आणि तिथे नवी भिंत धरते. मग आणखी पाव फेरा, मग आणखी एक. अशा तीन-चार वळणांत गोळा स्वतःला मिटवून घेतो. आप्पे आपण एकदाच पालथे करतो, म्हणून त्यांना कंबर दिसते. एब्लस्कीव्हला ती नसते. सारण घालायचं असेल तर पहिल्या वळणाच्या आधी, पीठ मऊ असतानाच: सफरचंदाची फोड, शिजवलेला जर्दाळू किंवा मनुकांसारखा मुरवलेला सुका आलुबुखार.

हे बिडातच नीट का साधतं? बीड हळू तापतं, पण तापल्यावर थंड पीठ पडलं तरी गारठत नाही. उलट आच वाढवली तर ते लगेच ऐकतही नाही, म्हणून मध्यम आचेवर आधी धीराने तापवावं लागतं. पुन्हा पुन्हा तेल लावून तापवलं की त्यावर काळी गुळगुळीत साय धरते आणि गोळा सहज सुटतो. साबणात भिजत ठेवलं तर गंजतं. आपल्या आजीचा बिडाचा तवा ज्यांनी सांभाळलाय, त्यांना हे शिकवावं लागणार नाही.

व्हायकिंग योद्धे लढाईनंतर मार खाऊन पोचे पडलेल्या ढालींवर हे भाजत, अशी एक कथा सांगतात. मला ती पटत नाही. मैदा, लोणी आणि अंड्यांचा हा लाड रणांगणावरचा नव्हे, घरच्या चुलीचा आहे.

स्थलांतरितांबरोबर तवा अमेरिकेत गेला. कॅलिफोर्नियात डॅनिश लोकांनी 1911 मध्ये वसवलेल्या सोलवांग गावात हा पदार्थ वर्षभर मिळतो. 1936 पासूनच्या तिथल्या डॅनिश उत्सवात तर त्याची न्याहारीच असते. अमेरिकी दुकानांनी त्याला ‘सारणाचे पॅनकेक’ म्हणून विकलं आणि पोटात चॉकलेटपासून चीजपर्यंत सगळं भरलं. डेन्मार्कमध्ये मात्र बहुतेक घरी तो रिकाम्या पोटीच, वर पिठीसाखर आणि बाजूला मुरंबा घेऊन येतो. सोबत मसाले घातलेली गरम वाइन, ग्लॉग. आता गोठवलेल्या गोळ्यांची पिशवी आणून ओव्हनमध्ये गरम करणारेही पुष्कळ आहेत. त्यांना दोष कशाला द्यावा? पण सुईचं ते पाव वळण पिशवीत मिळत नाही.

मी आमच्या आप्पेपात्रात करून पाहिले. खळगे उथळ, त्यामुळे गोळे पुरते गोल झाले नाहीत, पहिल्या घाण्यातले तर दोन फाटले. दुसऱ्या घाण्याला जमलं. प्रत्येकाच्या पोटात मी सफरचंदाची एक फोड ठेवली होती.