अंगठ्याच्या आधी अंदाज

अंधेरीच्या क्रीडा संकुलात घरचे सामने खेळणारा मुंबई सिटी एफसी हा संघ २०२१ साली ‘फिफा २२’ या व्हिडिओ गेममध्येही आला. संघ आपला, पण हातातल्या कन्सोलवर गोल आपणच खातो. असं का होतं?

डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला ३० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर तेवढ्यात सात-आठ चित्रं पुढे सरकतात. पास द्यावा की शॉट मारावा, हे ठरवायचं असेल तर आणखी उशीर होतो. मूळ पाव सेकंदाचा वेळ सरावाने थोडाच घटतो. म्हणून कसलेला खेळाडू अंदाजावर खेळतो. चेंडू पायाशी येण्याआधीच त्याचा पुढचा पास ठरलेला असतो. बचावातही तो चेंडूवर झेप घेण्याऐवजी पासची वाट अडवतो.

सराव कसा करावा? शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. एकच हालचाल सलग घोटणाऱ्यांपेक्षा हालचाली मिसळून करणारे सुरुवातीला संथ होते, पण त्यांचं कौशल्य अधिक टिकलं. तेव्हा पेनल्टी, क्रॉस, फ्री किक आलटूनपालटून घ्या.

आणि रात्री वेळेवर झोपा. शिकलेल्या हालचाली मेंदू झोपेत पक्क्या करतो. पुरेशी झोपही खेळ सुधारायला मदत करते.