हरभरा निघाला की कोकणची गाडी धरा

फाल्गुन सरता सरता आपल्या वऱ्हाडातली वावरं मोकळी होतात. तूर घरात आलेली असते, हरभरा निघालेला असतो, पऱ्हाटी उपटून बांधाला लागलेली असते. नांगरटी-वखरटी सोडली तर मृगापर्यंत हाताला थोडी सवड असते. ही सवड लग्नांच्या पंगतीत आणि पारावरच्या गप्पांत जाते. शेतकरी बंधूंनो, यंदा त्यातले पाच दिवस काढा आणि गावातले आठ-दहा जण मिळून रेल्वेने कोकणात जाऊन या. समुद्र तर पाहाच, पण त्याहून जास्त तिथला बागायतदार आपलं फळ कसं तोडतो, कसं भरतो आणि कोणाच्या नावानं विकतो, हे पाहून या. आपल्या संत्र्याचं दुखणं तिथं उभं राहून अधिक नीट कळतं.

जायचं कसं

अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, कोणत्याही स्टेशनावरून संध्याकाळ-रात्रीची मुंबई गाडी धरली की सकाळी कल्याण येतं. तिथून पुढं दोन वाटा. दिवा स्टेशनावरून सुटणारी सावंतवाडी गाडी, नाहीतर मुंबईहून दिवसा निघणारी मांडवी एक्स्प्रेस. वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी स्टेशनावर चौकशी करून घ्या आणि परतीचं आरक्षण आधीच करा. गाडी मात्र दिवसाचीच धरा. रात्री गेलात तर अर्धं कोकण झोपेतच निघून जाईल.

होळीच्या आठवड्यात जाऊ नका. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि मुंबईचे चाकरमानी गावी येतात, त्यामुळं गाडीत पाय ठेवायला जागा नसते. पाडव्यानंतर जा. तेव्हा आंब्याची तोडणी जोरात असते आणि उन्हाचा कहरही आपल्यासारखा नसतो. घाम मात्र भरपूर. ज्यांच्या बागेत आंबिया बहार आहे, त्यांनी ओलिताला घरचं माणूस ठेवूनच निघावं. फळं तेव्हा वाटाण्याएवढी असतात, पाणी चुकलं तर गळ ठरलेली.

आपल्यानंतर सव्वाशे वर्षांनी

मुंबई-नागपूर रेल्वे 1867 मध्ये पुरी झाली. वऱ्हाडचा कापूस इंग्रजाला हवा होता, म्हणून रूळ आपल्या वावराजवळ आले. कोकणातून इंग्रजाला असं काही न्यायचं नव्हतं. तिथली माणसं बोटीनं आणि पुढं एसटीनं मुंबई गाठत राहिली. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री, कोकणातून निवडून गेलेले मधू दंडवते अर्थमंत्री, आणि बांधकामाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण सुरू झाला. त्यात 91 बोगदे आहेत. उक्षी आणि भोके या स्टेशनांमधला करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांब. रत्नागिरीच्या पुढं पानवल नदीवरचा पूल सुमारे 64 मीटर उंच आहे, तिथं खिडकीतून खाली पाहताना छातीत धस्स होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या हद्दीत या गाडीतून समुद्र फारसा दिसत नाही. रूळ किनाऱ्यापासून आत आहेत. किनाऱ्याच्या गावांना जायला स्टेशनावर उतरून पुढं पंचवीस-तीस किलोमीटर, कधी त्याहून जास्त, एसटीनं जावं लागतं. दापोलीसाठी खेड, मालवण आणि वेंगुर्ल्यासाठी कुडाळ, देवगडसाठी कणकवली सोयीचं.

खिडकीतून काय पाहाल

पनवेल सोडून पेणकडं जाताना खाडीकाठची खार जमीन लागते. अकोला, दर्यापूर, अंजनगावच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसानं इथं मुद्दाम नजर ठेवावी. आपल्याकडं पूर्णेच्या काठी खार जमिनीखालच्या पाण्यात आहे, तिथं भरतीचं पाणी वरून चढतं. ते अडवायला पिढ्यान्‌पिढ्या बांध घातले गेले. बांध फुटला की वावर काही वर्षं नापीक राहतं. त्या जमिनीत टिकणारे भाताचे वाण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं काढले आहेत. दुखणं सारखं दिसलं तरी औषध वेगळं असतं, हे तिथं समजतं.

पुढं तांबडी माती आणि जांभा दगड सुरू होतो. राजेहो, आपली काळी जमीन म्हणजे काय दौलत आहे, ते तिथं गेल्यावर कळतं. रत्नागिरी-देवगडकडं कातळावर सुरुंग लावून खड्डे काढले, दुसरीकडून माती आणून भरली आणि त्यात हापूसची कलमं लावली. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. आपल्या चौपट म्हणा. तरी चैत्रात कित्येक वाड्यांना टँकर लागतो, कारण तो जांभा पाणी धरून ठेवत नाही. पाणी पडणं आणि पाणी मुरणं यातला फरक ग्रामसेवकांनी तिथं जरूर पाहावा.

उतरायचं कुठं

दापोलीला 1972 पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, आपल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाहून तीन वर्षांनी धाकटं. तिथं आंब्याचं कोय कलम कसं बांधतात ते पाहा. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जंभेरीवर डोळा बांधणाऱ्या हातांना ते पटकन समजेल. नूतन झेला तिथंच तयार झाला. लांब काठी, टोकाला पातं आणि जाळी. आंबा देठासकट तुटून जाळीत पडतो, जमिनीला लागत नाही. देठ राहिला नाही तर चीक सांडून साल काळी पडते आणि भाव उतरतो. संत्राही कात्रीनं देठ राखून तोडावा असं आपल्याकडं सांगतात, पण किती जण ऐकतात?

रत्नागिरीजवळ भाट्ये इथं नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या सावलीत मिरी, दालचिनी, जायफळ घेण्याची 'लाखी बाग' तिथं पाहायला मिळते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काजूचे वेंगुर्ला नावाचे वाण आणि आंब्याचा 'रत्ना' दिला. या केंद्रांवर आधी फोन करून गेलात तर समजावून सांगणारं माणूस मिळतं.

बाग विकायची की फळ?

आता मुद्द्याचं. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तिचा लाभ कोकणानं घेतला तसा वरूड-मोर्शीनंही घेतला. झाडं दोन्हीकडं वाढली. विकण्याची अडचणही दोन्हीकडं आहे. आपल्याकडं फळ झाडावर असतानाच व्यापारी इसार देतो आणि बाग त्याची होते. कोकणातही अनेक बागा कराराने जातात, वाशीच्या दलालाची उचल घेतली की पेट्या त्यालाच पाठवाव्या लागतात. तेव्हा तिकडं सारं सोनंच आहे, असं समजून जाऊ नका.

पण ज्यांनी उचल टाळली, त्यांच्याकडं बसून हिशेब विचारा. ते स्वतः तोडतात, वजनावर निवडतात, पेटीवर स्वतःचं नाव घालतात आणि थेट गिऱ्हाईकाला देतात. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेवढ्यावर थांबून चालत नाही हे तिथल्या लोकांनी ओळखलं. परप्रांताचा आंबा देवगडच्या नावानं खपतो म्हणून देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं 2025 च्या हंगामात फळावर कोडचं स्टिकर लावण्याची पद्धत आणली. नागपुरी संत्र्याला मानांकन 2014 मध्येच मिळालं. पिकतो मोठ्या प्रमाणात आपल्या जिल्ह्यात, नाव नागपूरचं, आणि पेटीवर शेतकऱ्याचं नाव नाहीच. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं की आपला भाव पडतो, तेव्हा आपल्याला आपला गिऱ्हाईक कोण हेच ठाऊक नसतं. काहून? कारण फळ आपण कधी विकलंच नाही. विकली ती बाग.

बरोबरी करताना दोन गोष्टी धरा. कोकणातलं घर निव्वळ शेतीवर कधीच चाललं नाही, मुंबईची मनीऑर्डर पाठीशी होती. आणि निसर्गाचा घाला तिकडंही आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दापोली भागात नारळी-पोफळी आडव्या केल्या. आपण गारपिटीत एक हंगाम गमावतो, त्यांनी दोन पिढ्यांची झाडं गमावली. आपल्याकडं रोही आणि रानडुक्कर, त्यांच्याकडं वानरं. बोलायला बसलात की गोष्टी जुळत जातात.

ग्रामपंचायतीनं काय करावं

'आत्मा'कडं शेतकऱ्यांच्या राज्यांतर्गत अभ्यास दौऱ्याची तरतूद असते. सरपंच आणि ग्रामसेवकांनी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं वेळेत विचारणा करावी. यादीत पुढाऱ्यांच्या घरची नावं भरू नका. दोन-तीन तरुण, बचत गटाच्या बाया आणि एखादा मुरलेला बागायतदार घ्या. बायांनी कोकम आगळ, आमसुलं, काजूगर आणि फणसपोळीची घरगुती कामं पाहावीत. तलाठ्यांनी तिथला सातबारा पाहावा. एका गुंठ्यावर वीस-वीस नावं आणि निम्मी मुंबईत, मग कर्ज मिळायला काय यातायात पडते ते कळेल.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत ग्रामसभेत प्रत्येकानं काय पाहिलं ते सांगावं. आणि पुढच्या बहाराला व्यापारी इसार घेऊन दारी येईल, तेव्हा सारी बाग देऊ नका. चार ओळी राखा. त्यांचा संत्रा स्वतः तोडा, निवडा, पेटी भरा, वर आपलं नि गावाचं नाव लिहा आणि दहा ओळखीच्या घरी पोचवून पाहा. तिकिटाचे पैसे तिथंच वसूल होतात की नाही, याचा हिशेब मग तुम्हीच मांडा.