डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडते तेव्हा : थांबावे कधी, धावावे कधी?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांतील आपल्या भाविकांचे दैनंदिन जीवन रस्ता, लोकल आणि कारखाना यांच्याभोवती फिरत असते. खड्ड्यात दुचाकी घसरते, कारखान्यात एखादा दांडा तोंडावर बसतो, मैदानात मुलाच्या डोळ्यावर चेंडू आदळतो, दहीहंडीच्या थरावरून कोसळताना सोबत्याचे कोपर लागते. डोळा काळानिळा होऊन सुजतो आणि घरातील मंडळी ‘मुका मार आहे, चार दिवसांत उतरेल’ असे म्हणून स्वस्थ बसतात. पुष्कळदा ते खरेही ठरते. काही वेळा मात्र त्या सुजेखाली डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडलेले असते.

अशा रुग्णांना भेटावयास गेलो असता आमच्या कानी दोन तक्रारी येतात. डॉक्टरांनी आठ दिवस थांबावयास सांगितले, हा हलगर्जीपणा नव्हे काय, ही एक. मुलाचा डोळा तर स्वच्छ दिसत होता, मग शस्त्रक्रियेची एवढी घाई कशासाठी, ही दुसरी. वरवर पाहता या तक्रारी परस्परविरोधी आहेत. परंतु दोहोंचे उत्तर खोबणीच्या रचनेतच दडलेले आहे.

खोबणीची रचना

आपला डोळा सात हाडांनी मिळून बनलेल्या खोबणीत सुरक्षित असतो. या खोबणीची बाहेरील कड जाड व मजबूत असते. परंतु तिचा तळ आणि नाकाकडील भिंत कागदासारखी पातळ असते. तळाखाली गालाच्या हाडातील पोकळी, म्हणजे सायनस असते. मूठ किंवा चेंडू डोळ्यावर आदळला की आतील दाब एकाएकी वाढतो आणि पातळ तळ खाली फुटतो. १९५७ साली अमेरिकेतील डॉ. बायरन स्मिथ आणि डॉ. विल्यम रीगन यांनी या प्रकारास ‘ब्लो-आउट फ्रॅक्चर’ हे नाव दिले. प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यामुळे कुकर फुटत नाही. त्याचप्रमाणे हा तळ मोडल्यामुळे अनेकदा प्रत्यक्ष डोळा वाचतो.

मात्र त्या भगदाडातून डोळ्याभोवतीची चरबी व स्नायू खाली उतरू शकतात. मग एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागतात, विशेषतः वर किंवा खाली पाहताना. सूज उतरल्यावर डोळा आत गेलेला भासतो. तळातून जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाल्यास गाल, वरचा ओठ व वरची हिरडी बधिर होते. ही लक्षणे असतील तर तो केवळ मुका मार समजू नये.

घाई आणि धीर

प्रारंभी अशा रुग्णांवर लवकर शस्त्रक्रिया करण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल होता. १९७४ साली डॉ. ॲलन पुटरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेविना ठेवलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूज ओसरली की अनेकांचे दुहेरी दिसणे आपोआप कमी होते, हे त्यातून पुढे आले. आज प्रौढ रुग्णास काही दिवस थांबावयास सांगतात, त्यामागे हे कारण आहे. सुजलेल्या डोळ्यात नेमके काय बिघडले आहे हे कळणे कठीण असते. सूज उतरल्यावर पुन्हा तपासणी होते. स्नायू अडकलेला असेल, दुहेरी दिसणे कायम असेल, तळाचा अर्ध्याहून अधिक भाग मोडला असेल किंवा डोळा दोन मिलिमीटरपेक्षा अधिक आत गेला असेल, तर साधारणपणे दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केली जाते. लहानशा अस्थिभंगाला शस्त्रक्रियेची गरजच नसते.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची हाडे लवचीक असतात. तळ क्षणभर उघडतो आणि झडपेसारखा पुन्हा मिटतो. त्या फटीत स्नायू चिमटला जातो व त्याचा रक्तपुरवठा खुंटतो. बाहेरून मात्र डोळा फारसा लाल किंवा सुजलेला नसतो. १९९८ साली कॅनडातील डॉ. डेव्हिड जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी या ‘पांढऱ्या डोळ्याच्या’ अस्थिभंगाकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. असे मूल वर पाहू शकत नाही, पाहू लागताच कळवळते, त्यास मळमळते, उलट्या होतात, नाडी मंदावते. उलट्यांमुळे डोक्यालाच मार लागला असावा असा समज होतो आणि डोळा दुर्लक्षित राहतो. येथे २४ ते ४८ तासांत स्नायू मोकळा करणे हिताचे असते. उशीर झाल्यास डोळ्याची हालचाल कायमची अधू होऊ शकते.

प्रौढ असो वा बालक, आणखी दोन प्रसंगी क्षणाचाही विलंब नको. डोळा दगडासारखा कठीण होऊन पुढे येत असेल, तीव्र वेदना होत असतील व दृष्टी मंदावत असेल, तर डोळ्यामागे रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी दृष्टी वाचविण्यास जेमतेम एक-दोन तास मिळतात. दुसरा प्रसंग म्हणजे प्रत्यक्ष डोळाच फाटणे. अशा डोळ्यावर दाब देऊ नये. वर स्वच्छ कागदी पेला अलगद धरून रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रिया कशी होते?

प्रथम नेत्रतज्ज्ञ दृष्टी तपासतात. नंतर सीटी स्कॅन केला जातो, कारण साध्या एक्स-रेमध्ये हा अस्थिभंग निसटू शकतो. रुग्णास पूर्ण भूल देऊन खालच्या पापणीच्या आतून किंवा पापणीच्या केसांलगत छेद घेतात, त्यामुळे व्रण सहसा दिसत नाही. खाली उतरलेली चरबी व स्नायू अलगद वर घेतात आणि भगदाडावर टायटॅनियमची जाळी, विशिष्ट प्लॅस्टिकचा पातळ तुकडा अथवा रुग्णाचेच हाड बसवितात. शेवटी डोळा चिमट्याने फिरवून तो मोकळा हलतो की नाही, हे पाहतात. त्यानंतरही दुहेरी दिसणे काही आठवडे, क्वचित काही महिने टिकू शकते. गालाचा बधिरपणाही सावकाश ओसरतो.

अस्थिभंगाची शंका असल्यास नाक शिंकरू नये. सायनसमधील हवा खोबणीत शिरून डोळा एकाएकी फुगतो. डोळ्यात दूध, मध किंवा गुलाबपाणी घालू नये.

कोठे जावे?

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय येथे प्रथमोपचार घेता येतात. पुढील उपचारांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय अथवा जे. जे. रुग्णालय गाठावे लागू शकते. तेथे जबडा व चेहऱ्याच्या शल्यचिकित्सकाकडे पाठविल्यास, ‘डोळ्याला लागले असता दाताच्या डॉक्टरकडे का?’ असे वाटू देऊ नये. चेहऱ्याच्या हाडांची शस्त्रक्रिया हा दंतवैद्यकातून आलेल्या या तज्ज्ञांचाच प्रांत आहे. खर्चासंबंधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. मोटार अपघातातील जखमींसाठी २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही आहे. तीत नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात.

अपघातग्रस्तास उचलून नेताना पोलिसांच्या चौकशीची भीती अनेकांना वाटते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अशा मदतनिसास संरक्षण दिले असून आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही. या कायद्याने त्यास ‘गुड समॅरिटन’ असेच म्हटले आहे. प्रभू येशूच्या दाखल्यातील चांगल्या शोमरोन्याचे हे नाव आपणास तरी परके असू नये.

दुचाकीवर बसताना संपूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण घालणे आणि यंत्रापुढे संरक्षक चष्मा लावणे, ही खबरदारी शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. डोळ्यांची आश्रयदात्री म्हणून ख्रिस्तसभा संत लुसीस मानते; १३ डिसेंबरला तिचा सण येतो. तिच्या मध्यस्थीची याचना अवश्य करावी. त्याचबरोबर आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक मातापित्याने एवढे ध्यानी ठेवावे : डोळ्याला मार लागल्यानंतर मूल वर पाहू शकत नसेल आणि ओकत असेल, तर डोळा कितीही स्वच्छ दिसो, सकाळची वाट पाहू नये.