लाकडी बदकांची जागा

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरची बार्नेगट खाडी उथळ, आणि काठाला लांबवर खारं गवत वाढलेली दलदल. इथल्या बदकांच्या शिकाऱ्याला एकट्याने वल्हवता येईल, चिखलातून आणि बर्फावरून ओढता येईल, गवतात दडवता येईल अशी होडी हवी होती. वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमन यांनी 1836च्या सुमारास ती बांधली. तिला स्नीकबॉक्स म्हणतात. लांबी साधारण 12 फूट, रुंदी 4 फूट. वरून जवळजवळ सगळी डेकने झाकलेली, मधे माणूस आडवा होईल एवढाच खळगा.

आता अडचण पाहा. रानबदकांना भुलवायचं तर लाकडी बदकं पाण्यावर सोडायला हवीत, आणि ती तिथवर न्यायलाही हवीत. खळग्यात शिकारी, बंदूक, काडतुसं. पाय पुढच्या डेकखाली. शिडावर जाताना पाण्यात सोडायच्या फळीची पेटीसुद्धा मधोमध न घेता एका बाजूला सरकवलेली, का तर माणसाला नीट पडता यावं. राहता राहिला मागचा डेक. त्याच्या कडेने फळ्या उभ्या करून कठडा केला आणि बदकं त्यात रचली. या फळ्या काढता येतात, आणि मला विचाराल तर सगळ्या होडीतलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच. बदकं पाण्यात गेली की फळ्या उतरवायच्या, डेकवर गवत पसरायचं. कठडा तसाच उभा राहिला असता तर उतरू पाहणाऱ्या थव्याला लांबूनच संशय आला असता.

पण डेकवर, म्हणजे उंचावर, भरीव लाकडाचा ढीग ठेवला तर एवढीशी होडी डुलणारच. म्हणून बार्नेगटचं बदक पोकळ असतं. पांढऱ्या सीडरचे दोन तुकडे आतून कोरायचे, एकावर एक जोडायचे, तळाशी शिसं बसवायचं. टकरटन गावच्या हॅरी शूर्ड्स (1861–1920) यांच्या बदकांत हे शिसं तळाच्या खाचेत लाकडाच्या पातळीला ओतलेलं दिसतं. हातात घेतलं की आकाराच्या मानाने बदक फार हलकं लागतं.

आज या बदकांना लिलावात मोठ्या किमती येतात आणि ती एकेकटी काचेच्या कपाटात जाऊन बसतात. त्यांची कारागिरी मोठी आहे यात शंका नाही. तरी ती डझनावारी, कठड्यात, स्नीकबॉक्सच्या मागच्या डेकवर रचून दाखवावीत. ती पोकळ का, एवढी हलकी का, हे पाहणाऱ्याला तिथे न सांगता कळेल.