संगीतातला 'मूड' : तुमच्याकडे पुरावा काय आहे?

संशोधनाच्या प्रस्तावात 'या रचनेतून गूढ, शांत भाव व्यक्त होतो' असं लिहिलंत, की मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न ठरलेला: कशावरून? आज एक उदाहरण घेऊन याचं उत्तर शोधू.

फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा युद्धकैदी होता. त्याची 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' ही रचना १५ जानेवारी १९४१ रोजी कैद्यांच्या छावणीतच पहिल्यांदा वाजली. वाद्यं चारच: क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो. एकूण भाग आठ.

पहिला भाग ऐका. काळ पुढे सरकतच नाही असं वाटतं. आता स्वरलेखन उघडून मोजा. पियानोच्या लयीचा क्रम १७ आघातांचा आहे आणि स्वरसमूहांचा क्रम २९ चा. दोन्ही पुन्हा पुन्हा फिरतात. १७ आणि २९ या मूळ संख्या, म्हणून दोन्ही क्रम परत एकत्र सुरू व्हायला १७ × २९ = ४९३ आघात लागतील. त्याआधीच हा भाग संपतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कान समेची वाट बघतो आणि सम येतच नाही!

आणखी एक गंमत. ते १७ आघात रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांतून आले आहेत. या तालांची यादी आहे तेराव्या शतकातल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात. तो लिहिणारा शार्ङ्गदेव यादवांच्या देवगिरीचा, म्हणजे आपल्या दौलताबादचा. मेसियाँला ही यादी एका फ्रेंच विश्वकोशात छापलेली सापडली. म्हणजे तालांची मापं पॅरिसला पोचली, पण ते ताल कोण, कधी, कशासाठी वाजवत होतं हे त्या मापांत नव्हतं.

यातून तीन गोष्टी वेगळ्या करायला शिका. १७ आणि २९ हे मोजमाप आहे, कुणीही पडताळू शकतं. काळाच्या अंताची कल्पना हा रचनाकाराचा हेतू आहे, त्याला त्याच्या लेखनाचा आधार लागतो. 'काळ थांबला' हा श्रोत्याचा अनुभव आहे. मी वर लिहिला तो फक्त माझा, एका माणसाचा. तो निष्कर्ष म्हणून मांडायचा तर अनेक श्रोत्यांना विचारावं लागेल.

हे आपल्याला का हवं? उद्या तुमच्यापैकी कुणी अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला जाईल, मोबाइलवर ढोल रेकॉर्ड करेल आणि फाइलला नाव देईल 'आनंदी'. थांबा! तो शब्द तुमचा आहे, वाजवणाऱ्याचा नाही. आधी त्याला विचारा: हे कधी वाजवतात, कुणासाठी, आणि तुम्ही याला काय म्हणता? त्याने सांगितलेला शब्द त्याच्याच बोलीत वहीत उतरवा. ढोल नंतरही मोजता येईल. तो शब्द मात्र तेव्हाच विचारायला हवा.