मस्तिष्कस्तंभातील गाठी : शस्त्रक्रियेची शक्यता, मर्यादा आणि जालना जिल्ह्यातील रुग्ण

मोठा मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणारा मस्तिष्कस्तंभ जेमतेम अंगठ्याएवढा असतो. श्वसन, हृदयाची गती, गिळणे, डोळ्यांच्या हालचाली आणि शुद्ध यांची नियंत्रणकेंद्रे एवढ्याशा जागेत दाटीने वसलेली आहेत. त्यामुळे येथील गाठीला हात लावू नये, असाच दंडक दीर्घकाळ होता. १९८०च्या दशकात एमआरआय तपासणी उपलब्ध झाली आणि न्यूयॉर्कचे शल्यविशारद फ्रेड एप्स्टाइन यांनी काही निवडक गाठी काढता येतात हे दाखवून दिले. यातील ‘निवडक’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

मस्तिष्कस्तंभाच्या मागील बाजूने चौथ्या मस्तिष्कविवरात वाढणारी, किंवा लंबमज्जा व मान यांच्या सांध्यावरील मर्यादित गाठ बहुधा संथ असते. सूक्ष्मदर्शक, ध्वनिलहरींनी गाठ फोडून शोषणारे उपकरण व चेताकार्याचे सतत विद्युत्-निरीक्षण यांच्या साहाय्याने तिचा मोठा भाग काढता येतो. रुग्ण पुढे अनेक वर्षे जगतो. मात्र शस्त्रक्रियेनंतर गिळण्यास त्रास होणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे किंवा काही काळ श्वासनलिकेत नळी ठेवावी लागणे संभवते. मध्यमस्तिष्काच्या छतावरील लहान गाठीला तर पुष्कळदा हातही लावला जात नाही. अडलेल्या मस्तिष्कद्रवाला दुर्बिणीद्वारे वाट करून दिली की पुढे केवळ लक्ष ठेवावे लागते.

लहान मुलांत मात्र बहुसंख्य गाठी पॉन्स या भागात पसरट वाढणाऱ्या असतात. तेथे गाठ आणि निरोगी चेतातंतू एकमेकांत मिसळलेले असल्याने काढण्याजोगी सीमाच उरत नाही. किरणोपचाराने काही महिने आराम पडतो. निदानानंतरचे आयुष्य साधारणतः वर्षभराच्या आतबाहेर असते. यांतील बहुतेक गाठींत आढळणारा हिस्टोन जनुकातील बदल २०१२ साली उजेडात आला. या बदलाच्या गाठी उपचारानंतर पुन्हा वाढल्यास देता येणाऱ्या डॉर्डाव्हिप्रोन या औषधास अमेरिकेत २०२५ साली सशर्त मान्यता मिळाली. हे औषध रोग बरा करणारे नव्हे.

जालन्यासारख्या जिल्ह्यात या भेदाला आर्थिक अर्थही आहे. परतूर किंवा मंठ्याच्या मुलाचा डोळा अचानक तिरळा झाला, चाल अडखळू लागली, घास लागू लागला, तर आधी चष्म्याची चौकशी होणे स्वाभाविकच. ही लक्षणे एकत्र आणि थोड्याच आठवड्यांत वाढताना दिसली, तर एमआरआय लांबवू नये; वर्गशिक्षकाच्या नजरेस ती घरच्यांच्या आधी पडू शकतात. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असले, तरी या शस्त्रक्रियेचा अनुभव मोजक्या मोठ्या केंद्रांतच साठतो, आणि मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरहून दूर आहे. पसरट गाठीवर ‘ऑपरेशन होईल’ या आशेने शेत विकणारे कुटुंब आणि ‘मेंदूची गाठ म्हणजे संपले’ असे समजून मर्यादित गाठीचे मूल घरी परत नेणारे कुटुंब, दोघांचेही नुकसान एकाच अज्ञानातून होते. म्हणून प्रवासाआधी एमआरआयची सीडी बालमेंदूशल्यविशारदाकडे पाठवून गाठीचा प्रकार विचारावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. सुचवलेला उपचार त्यात बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच समजून घेता येते.